विरजणाला नाही म्हणत नाहीत

बाहेरच्या चोरावर कुत्रं भुंकतं, घरातल्या चोरापुढं शेपूट हलवतं. एवढी साधी गोष्ट कळायला जगातल्या शहाण्यांना दोन पिढ्या संगणक वापरावा लागला. कंपन्यांनी आधी भिंती घातल्या, मग कुलपं घातली, मग कुलपांना कुलपं घातली. आणि शेवटी ध्यानात आलं की किल्ल्या ज्यांच्या कमरेला आहेत ते आतच बसलेत, चहा पीत. तेव्हापासून आतल्या माणसांवर नजर ठेवायची नोकरी निघाली. गडहिंग्लजच्या अलीकडं शीतधारा नावाची डेअरी होती, तिथं ही नोकरी वैजयंती खोत करायची.

तिची सासू भागाक्का. दुसरीत शंभरात अकरा मार्क पडले म्हणून मास्तरांशीच भांडून शाळा सोडलेली. सुनेची नोकरी शेजारणींना समजावताना तिचा घसा कोरडा पडायचा.

"सून डेअरीत हाय म्हणं? दूध घालती?"

"दूध तुझी सून घालू दे. माझी सून माणसं तपासती."

"म्हंजी डॉक्टरीण?"

"डॉक्टर अंग तपासतो, बये. ही नियत तपासती."

आता नियत काही कुणाची सुईनं मोजता येत नाही. पण डेअरीनं एक यंत्रणा बसवली होती, तिचं नाव पारखी. प्रत्येक माणसाची एक चाल असते, पायांची तशी बोटांचीही. कुणी अक्षरं टपाटप हाणतो, कुणी पिठात मीठ टाकावं तशी जपून टाकतो. कुणी आल्याआल्या हिशेब उघडतो, कुणी आधी क्रिकेट. कोण कुठल्या दारानं किती वेळा जातो, कुणाशी बोलताना आवाज कसा ठेवतो, हे सगळं पारखी काही महिने गुपचूप शिकायची. माणसाची चाल एकदा पाठ झाली की रोज त्याला शंभरापैकी मार्क द्यायची. मार्क कमी, तर माणूस नेहमीसारखा. साठाच्या वर गेले की वैजयंतीनं कान टवकारायचे. ऐंशीला दारावरचे पहारेकरी उठायचे. शंभर अजून कुणाला पडले नव्हते. शंभर पडायला माणसानं अख्खी डेअरीच काखोटीला मारायला पाहिजे होती.

पण पारखीला एवढंच कळायचं, की हा माणूस बदललाय आणि काहीतरी झाकतोय. काय झाकतोय ते शोधायला वैजयंती.

आणि राखायचं काय होतं? तर विरजण. हसू नका. ते दिवस असे आले होते की चैत्रातच पारा पंचेचाळिशी गाठायचा आणि दुपारची वीज म्हणजे माहेरच्या पाहुण्यासारखी, आली तर आली. सकाळी लावलेलं दही दुपारी चिंचेसारखं. मग डेअरीच्या प्रयोगशाळेत सांगलीच्या डॉक्टर निरंजन उपाध्यांनी नवं विरजण घडवलं. दही लावतात ते दुधातले जिवाणू. ते दुधाची साखर खातात आणि आंबटपणा सोडतात, त्या आंबटपणानं दूध धरतं. पण ऊन तापलं की ते खातच सुटतात, म्हणून दही आंबत जातं. उपाध्यांच्या जिवाणूचं तसं नव्हतं. दही धरलं की तो खाणं थांबवायचा. पोट भरल्यावर ताटावरून उठणारी जात! माणसांत ती अजून निघायची आहे. हे दही फ्रिजविना आठवडाभर गोड राहायचं.

बाजारात जाणाऱ्या मडक्यांतल्या जिवाणूला मात्र डॉक्टरांनी कुलूप घातलं होतं. त्याला डेअरीतलाच एक खास खुराक लागायचा. घरी नेऊन त्याचं विरजण लावलं तर दूध तसंच पाणी राहायचं. बिनकुलपाचं मूळ विरजण पोलादी खोलीत. त्याच्यावर डेअरी उभी होती, आणि डेअरीवर सगळा तालुका.

अशात एका गुरुवारी डेअरीचे मालक आबासाहेब शिंत्रे कडगावला लग्नाला गेले. भर दुपारी मांडवात जेवायला बसले. दहीबुंदीचा पहिला घास घेतला आणि त्यांचा हात थांबला. दही कालचं, पातेलं सकाळपासून उन्हात, आणि चव अशी गोड की जणू आत्ता लागलंय. आबासाहेबांनी पानाची डबी रिकामी केली, त्यात दही भरलं आणि अहेर न करताच उठले.

शुक्रवारी डॉक्टरांनी तपासलं. तेच विरजण. बिनकुलपाचं.

"घरात साप हाय," आबासाहेब म्हणाले. "वैजयंतीबाई, बुधवारी संचालकांची सभा हाय. त्याच्या आत मला माणूस पाहिजे. आणि डॉक्टर, ह्या विरजणाची तुम्ही जी आणखी चार-पाच वाणं ठेवलीत ती आजच्या आज जाळा. एकच ठेवा."

"साहेब, एकच वाण ठेवणं धोक्याचं असतं," डॉक्टर कळवळून म्हणाले. "उद्या त्याला काही झालं तर?"

"एक असलं की एकच राखायचं. पाच असली की पाच चोर."

वाणं जळाली.

दुसऱ्याच दिवशी पारखीनं बोट दाखवलं. प्रयोगशाळेतली मदतनीस शकीला मुजावर, एकाहत्तर मार्क. तिची बोटं कळफलकावर लंगडत होती. जेवणाच्या सुट्टीत ती मागच्या दारानं जायची, यायची ती धापा टाकत. मोबाइलवरचे निरोप वाचले की लगेच पुसायची. चोराची सगळी लक्षणं, कपाळावर मळवट भरल्यासारखी ठळक.

वैजयंतीनं तिला बोलावलं. "शकीला, उजव्या मनगटाला काय झालं?"

"मोरीत पडले मॅडम."

"उजव्या अंगावर पडलीस, आणि खरचटलं डाव्या कोपराला?"

"दोनदा पडले," शकीला म्हणाली, आणि वर बघेना.

नियत तपासणाऱ्या बाईलाही पोट असतं. तीन वर्षं ती शकीलाच्या हातचा शीरखुर्मा खात आली होती. सुट्टीत वैजयंती मागच्या दारानं तिच्या पाठीपाठी गेली. जुन्या रिकाम्या दुधाच्या टाकीमागं गेली आणि बघते तर काय! शकीला पांढऱ्या कोटावर हेल्मेट चढवून विजेच्या फटफटीवर बसलेली, आणि कॅन्टीनची हौसाबाई सीट धरून मागं पळतेय.

"समोर बघ की गं भवाने! चाकाकडं काय बघतीस, ते कुटं पळून जात न्हाई!"

"सोडू नका, हौसाबाई, सोडू नका!"

"कवाच सोडलंय!"

हे ऐकलं आणि शकीला फटफटीसकट गवतात. उठली तेव्हा समोर वैजयंती उभी.

"मॅडम, आमच्यांना सांगू नका," शकीला काकुळतीला आली. "ते म्हणतात बायकांना तोल नसतो. ईदला मी निपाणीला माहेरी स्वतः चालवत जाणार हाय, त्यांना मागं बसवून. तोपर्यंत कळू द्यायचं नाही."

वैजयंती एवढी हसली की तिला टाकीला टेकून उभं राहावं लागलं. पारखीची चूक नव्हती. चोरी झाकणारं माणूस आणि आनंद झाकणारं माणूस, यंत्राला दोन्ही सारखीच दिसतात. दोघांचीही बोटं अडखळतात, दोघंही मागच्या दारानं जातात.

आबासाहेबांना मात्र हसू आलं नाही. "फटफटीआड काय बी लपतंय. दुसरा कोण सापडलाय? न्हाई ना? मग बुधवारी हिच्याच नावावर सही करा. बाई घरी बसली आणि चोरी थांबली, म्हंजी तीच."

"आणि नसेल तर?"

"मग बुधवारच्या आत खरा आणा."

रविवार उजाडला तरी खरा सापडला नव्हता. सगळ्या डेअरीचे मार्क वैजयंतीनं खालवर केले. डॉक्टर सहा. आबासाहेब नऊ. ती स्वतः आठ. सगळे धुतल्या तांदळासारखे.

घरी गावाचा ट्रान्सफॉर्मर जळाल्याला चार दिवस झाले होते. फ्रिजचं कपाट झालं होतं. भागाक्कानं त्यात लसूण आणि ठेवणीतली लुगडी ठेवली होती. तिनं सुनेपुढं ताट ठेवलं. भाकरी, खर्डा, आणि वाटीभर दही.

"जेव. चार दिस झालं त्वांड बघवत न्हाई. चोर धरायला गेलीस का चोरानं तुला धरलं?"

वैजयंतीनं भाकरीचा तुकडा दह्यात बुडवला, तोंडात घातला, आणि आबासाहेबांसारखाच तिचा हात थांबला.

"आत्याबाई, हे दही कधीचं?"

"गुरवारचं."

"फ्रिज बंद असताना?"

"माझ्या हाताला गोडी हाय," भागाक्का ऐटीत म्हणाली. "तुझं लक्ष असतंय मोबाइलात. वरीस होत आलं असलंच दही खातीस, आत्ता जिभेला कळलं व्हय?"

"आत्याबाई, विरजण कुठून आणलं?"

"आणतीया कुठनं? तूच तर आणलंस! बेंदराच्या सणाला त्या डॉक्टराला पुरणपोळ्यांचा डबा न्हाई का धाडला तुझ्यासंगं? एकटा जीव, कोण घालणार त्याला पोळ्या. गुणाचं लेकरू, डबा रिकामा परत केला न्हाई त्यानं. चार चमचं दही घालून दिलं. मी त्याचंच विरजण लावलं."

वैजयंतीनं कपाळाला हात लावला. गेल्या बेंदराला जिवाणूला कुलूप घालायचं बाकी होतं. डबा तिनं स्वतः पिशवीतून आणला होता, पहारेकऱ्यांसमोरून. त्यांनी पिशवीत पेनड्राइव्ह शोधला, कागद शोधले, आणि डबा बघून विचारलं होतं, पोळ्या संपल्या का ताई? डॉक्टर डबा कधीच रिकामा द्यायचे नाहीत. कधी पेरू, कधी शेंगा. ती त्यांची नेहमीचीच चाल, आणि नेहमीची चाल पारखीच्या डोळ्यात खुपत नाही. ज्याला रीत म्हणतात ते यंत्राला दिसतच नाही.

"अजून कुणाला दिलंत?"

"तानीला दिलं. तिच्या भावजयीला. वरच्या आळीला, खालच्या आळीला. तानीची लेक कडगावला दिलीया, तिच्या सासरी गेलं. आता कुणी कुणाला दिलं ते मी कशी सांगू? चाळीसेक घरं तरी असतील."

"आणि एकालाही नाही म्हणाला नाहीत?"

भागाक्कानं सुनेकडं असं बघितलं की जणू तिनं दारातल्या पाहुण्याला हाकलायला सांगितलंय. "विरजणाला न्हाई म्हणत्यात व्हय गं? त्या गंगूसंगं मी आठ वर्सं बोलत न्हाई. ती भिंतीवर वाटी ठेवून जाती, मी भरून ठेवती. तिचं त्वांड बघत न्हाई, पर वाटी भरती."

वैजयंतीनं सगळं सांगितलं. शकीलाचं सांगितलं, बुधवारचं सांगितलं. भागाक्का ऐकत गेली आणि तिच्या ओठांची रेघ होत गेली.

"आत्याबाई, शकीलाला सोडवायचं तर खरं लिहावं लागेल. डॉक्टरांचं नाव, माझं नाव... आणि तुमचंही. माझी नोकरी जाईल."

"गेली तर म्हशी हायत," भागाक्का म्हणाली. "दुसऱ्याच्या लेकीच्या पोटावर पाय देऊन आणलेला पगार माझ्या चुलीवर शिजायचा न्हाई. लिही. आणि माझं नाव अर्धं लिहू नको. भागीरथी ज्ञानू खोत, पुरतं लिही."

सोमवारी सकाळी वैजयंतीनं अहवाल लिहिला. तीन नावं फोटोंसकट घातली, पारखीत चढवला आणि प्रत घेऊन आबासाहेबांच्या खोलीत गेली. आबासाहेबांनी वाचला. त्यांचा चेहरा खर्ड्यासारखा तिखट झाला.

"डबा?" ते ओरडले. "एवढ्या कोटींची यंत्रणा बसवली, आणि माझं विरजण पोळ्यांच्या डब्यातनं गेलं?"

त्यांचं ओरडणं पुरं व्हायच्या आत डॉक्टर उपाध्ये दारात आले. पांढरा कोट, त्याहून पांढरा चेहरा.

"साहेब, दही धरत नाही. एकाही टाकीत."

झालं होतं ते असं. जिवाणूंनाही रोग होतो. त्यांना खाणारे विषाणू असतात, आणि ते मोठे चिकट. एक वाण त्यांना पचलं की त्या वाणातला एकही सोडत नाहीत, कारण सगळे एकाच साच्यातले. म्हणून शहाणी डेअरी वाणं आलटूनपालटून वापरते. इथं बाकीची वाणं शुक्रवारीच चुलीत गेली होती, आणि पोलादी खोलीतलं विरजण तर त्याच एका वाणाचं. ताजं लावा नाहीतर बर्फातलं काढून लावा, विषाणू दारात बसलेला.

शेकडो गावांचं दूध दारात येऊन उभं होतं, भर मे महिन्यात.

वैजयंतीचं लक्ष मात्र टेबलावरच्या आपल्याच अहवालाकडं गेलं. "डॉक्टर," ती सावकाश म्हणाली, "घरातल्या दह्याला हा रोग झाला असता, तर वर्षभरात कधीतरी दही बिघडलं असतं ना?"

"कुठल्या घरातल्या?"

तिनं सांगितलं. डॉक्टरांनी आधी कान धरले, मग डोकं धरलं. "बेंदूर! अहो, रिकामा डबा कसा देणार होतो मी? आईनं माझं तोंड बघितलं नसतं." आणि मग एकदम त्यांचे डोळे चमकले. "थांबा. किती घरं म्हणालात? चाळीस? चाळीस चुली, चाळीस म्हशी, चाळीस प्रकारची पातेली!"

"त्यात नाचण्यासारखं काय हाय?" आबासाहेब गुरगुरले.

"साहेब, विषाणूच्या तडाख्यातून जो जिवाणू वाचतो, तो त्या विषाणूचा एक तुकडा आपल्या अंगात जपून ठेवतो. ओळख पटावी म्हणून. पुढच्या वेळी तो आला की दारातच धरतो. पुढची पिढी ती ओळख घेऊनच जन्मते. आपला जिवाणू काचेत वाढलेला, त्यानं वैरी कधी बघितलाच नाही. घरोघरचे मात्र वर्षभर झुंजलेत. चाळिसांतल्या काहींना तरी हा नक्की भेटला असेल!"

"म्हंजी आता काय करायचं?"

वैजयंती म्हणाली, "आता वाटी घ्यायची, साहेब. आणि शेजारी जायचं."

त्याच दुपारी आबासाहेब शिंत्रे, ज्यांच्या गाडीला तालुका वाट द्यायचा, हातात स्टीलची वाटी घेऊन भागाक्काच्या दारात उभे राहिले. भागाक्का उंबऱ्यावर शेंगा फोडत बसली होती. ती उठली नाही.

"ये आबा. तुझ्या आईनंतर तूच आलास बघ वाटी घेऊन. तिचं दही कधी लागायचं न्हाई, माझ्या सासूकडनं विरजण जायचं."

आबासाहेबांच्या मानेला घाम आला. "भागाक्का, ते अहवालाचं..."

"ते मागनं. विरजणाला न्हाई म्हणत न्हाई मी, आधी वाटी दे." तिनं वाटी भरली, वर स्वच्छ फडकं झाकलं आणि त्यांच्या हातात ठेवली. मग त्यांचा हात तसाच धरून म्हणाली, "पर वाटी परत करताना रिकामी करायची न्हाई, एवढं आईनं शिकवलं आसंल."

"काय घालू, अक्का?"

"त्या मुजावराच्या लेकीच्या नावाला डाग लावलास, तो धुऊन घाल. आणि जे विरजण घराघरात गेलंय ते घराघरातच राहू दे. तुझ्या पोलादी खोलीपेक्षा माझं फडताळ बरं निघालं."

आबासाहेबांनी वाटीकडं बघितलं. मग खळखळून हसले. लहानपणी ह्याच दारात आईबरोबर कितीदा वाटी घेऊन आले होते, ते त्यांना आठवलं असावं. "कबूल," ते म्हणाले. "आणि दरसाल बेंदराला वाटी घेऊन मीच येणार. डेअरीतलं जुनं देणार, घराघरातलं झुंजलेलं नेणार."

"पोळी खाऊन जा मग."

पण एका वाटीनं काय होतंय? दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीच्या फाटकावर बायकांची रांग लागली. वरच्या आळीच्या, खालच्या आळीच्या, कडगावच्या. कुणाच्या हातात वाटी, कुणाच्या हातात गंज, कुणाच्या हातात लोणच्याची बरणी. हौसाबाई सगळ्यांना चहा वाटत होती आणि डॉक्टर प्रत्येक वाटीला असा नमस्कार करत होते की जणू आत देवच आहे. रांगेत गंगूही होती, वाटी पदराखाली घेऊन.

तेवढ्यात फाटकाकडं विजेची फटफटी आली. चालवत होती शकीला, पाठ ताठ, नजर समोर. मागं भागाक्का. एका हातानं शकीलाची कंबर धरलेली, दुसऱ्या हातात फडक्यानं झाकलेली परात. रस्त्याकडेला शकीलाचा नवरा तोंड उघडं टाकून उभा होता.

"काय वो जावईबापू," भागाक्का जाताजाता ओरडली, "बायकांना तोल नसतोय न्हवं?"

फटफटी फाटकाच्या आत शिरली आणि सगळ्या डेअरीत भोंगा वाजला. पारखीला सोमवारचा अहवाल फोटोसकट पाठ होता. मूळ विरजण बाहेर नेणारी, चाळीस घरांत वाटणारी बाई, मूळ विरजणच हातात घेऊन दारातून आत! पहारेकरी धावले आणि आबासाहेबांचा हात वर गेलेला बघून जागच्या जागी थांबले. भिंतीवरच्या पडद्यावर भागाक्काचा चेहरा आला, लाल चौकटीत. खाली पुरतं नाव. त्याखाली आकडा.

"ते काय लिवलंय गं वैजे?" भागाक्कानं परात सांभाळत विचारलं.

"तुमचे मार्क, आत्याबाई. धोक्याचे. आजवर एवढे कुणाला पडले नाहीत." वैजयंतीला हसू आवरेना. "शंभरापैकी शंभर."

भोंगा वाजतच होता. भागाक्का फटफटीवरून उतरली, परात तिनं गंगूच्या हातात दिली, "धर, सांडू नको," एवढंच बोलली, आठ वर्षांनी. मग पदर सारखा केला आणि पडद्यासमोर ताठ उभी राहिली.

"शंभरात शंभर," ती म्हणाली. "मास्तर असायला पायजे हुता आज. वैजे, हे कागदावर काढून दे मला. देवाच्या फोटूशेजारी लावायचं हाय."